उंबऱ्याबाहेरची चप्पल

आमच्या सावली गावात उन्हाळ्यात बर्फ माणसासाठी येत नाई, मशीनसाठी येते, असं एकच घर आहे. ते माह्या भावाचं, प्रफुलचं.

मशीन लेझरची. पलंगाएवढी पेटी, आतमंदी काचेची नळी, अन् त्या नळीले सारखं थंड पाणी लागते. आमच्या इथी मे महिन्यात नळाले जे पाणी येते त्यात नुसती चहापत्ती टाकली तरी चहा होईन. अशा गावात या साहेबानं थंड्या पाण्यावर चालणारी मशीन आणली. मंग काय, टबात बर्फाच्या लाद्या टाका, पंप फिरवा, वरून कूलर लावा. घरचे लोक गरम पंख्याखाली घाम पुसून राह्यले अन् मशीन मजेत. आमची माय अंजनाबाई दुपारी मशीनच्या बाजूले खुर्ची टाकून बसे. येणाऱ्या-जाणाऱ्याले वाटे, बुढीले पोराच्या कामाचं किती कौतुक. कौतुक कायचं, कूलरची हवा.

मी नूतन, प्रफुलची मोठी बहीण. माहं सासर याच गावात, दोन गल्ल्या सोडून. घराले लागूनच प्रफुलचं दुकान, त्याच्या अर्ध्या भागात माही शिलाई मशीन आहे, म्हणून त्याचे सगळे पराक्रम मले फुकटात पाहाले भेटतेत.

आयटीआय करून तो पुण्याकडं एका कारखान्यात गेलता. तिथी महागडे सुटे भाग खोक्यात भरत, अन् ते आदळू नये म्हणून फोममंदी बरोबर त्या-त्या आकाराचे खड्डे कापत. कैक वर्षं यानं दुसऱ्याच्या वस्तूले गादी करून देल्ली अन् एक दिवस ही जुनी मशीन टेम्पोत टाकून वापस आला. मी म्हणलं, "बावा, सावलीत कोणाच्या घरी अशी नाजूक वस्तू आहे जिले गादी पाहिजे?" तो म्हणते, "ताई, मार्केट बनवा लागते."

बनवलं मार्केट. पहिलं गिऱ्हाईक ट्रॅक्टर दुरुस्त करणारा जंगू. त्याच्या पाने-पक्कडीसाठी प्रफुलनं फोमचा ट्रे कापून देल्ला. एकेका पान्याले त्याच्याच मापाची जागा, एक जरी हरवला तरी रिकामा खड्डा लगेच दिसते. जंगूले तो ट्रे इतका आवडला, इतका आवडला की त्यानं तो भिंतीवर टांगला. तेलकट पाने त्यात ठेवाची त्याची छातीच होईना. पाने अजूनबी जमिनीवर लोळतेत, अन् दर दसऱ्याले ट्रेले हार पडते.

मंग वडश्याकडची एक नाटक कंपनी आली. खलनायकाले चाकू पाहिजे, पण लागाले नोको. प्रफुलनं असा चाकू कापला, असा रंगवला की मी स्वतः दचकली. खुनाच्या प्रवेशात खलनायकानं तो भोसकला अन् चाकू भेंडीसारखा वाकला. पब्लिक हासली, खुनी हासला, अन् मेलेला माणूस तं सगळ्यायहून जास्त हासला. प्रफुल म्हणते, फोमची जाडी चुकली. चुकीचं नाव जाडी असते, हे मले तेव्हा कळलं.

ताडोबाकडच्या एका रिसॉर्टनं वाघाचं तोंड मागतलं. लोक शहरातून वाघ पाहाले येतेत, वाघ दिसत नाई, मंग जाताना फोमच्या वाघाच्या जबड्यात डोकं टाकून फोटो काढतेत अन् खूश होऊन जातेत. आमच्या इथी लोक वाघ दिसू नये म्हणून जीव मुठीत धरून वावरात जातेत, ती गोष्ट वेगळी.

एका बाबतीत मात्र मी त्याले मानते. कोण्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचे पोट्टे सनबोर्डची शीट घेऊन आले, अक्षरं कापून दे म्हणे. प्रफुलनं हात जोडले. "तो प्लास्टिकचा बोर्ड आहे, लेझर लागला की विषारी धूर निघते. माणूसबी खराब, मशीनबी खराब." पोट्टे लय तणतणले. तो हालला नाई. तो कापते तो चपलेच्या तळव्याचा फोम, ईव्हीए म्हणतेत त्याले. मऊ राह्यते, बोटानं दाबला की वर येते, अन् कापताना फक्त जळक्या रबराचा वास सुटते. कडेले काजळी धरते, ती पुसाचं काम अर्थात बहिणीचं.

आता पाहा. चपलेच्या फोमपासून यानं वाघ बनवला, चाकू बनवला, नवरा-नवरीच्या नावाची अक्षरं बनवली, हंसाच्या जोड्या तं गाडीभर बनवल्या. नाई बनवली ते फक्त चप्पल. अन् चप्पल ज्या माणसाले पाहिजे होती, ती याच्याच मशीनच्या बाजूले खुर्ची टाकून बसली होती.

मायले शुगर आहे. तिचे पाय बधिर झाले. पायात काटा गेला, खिळा गेला, तिले पत्ता नाई. मांगच्या एका जखमेत करंगळी कापा लागली. तेव्हा डॉक्टरनं सरळ सांगतलं होतं, "पुन्हा जखम चिघळली तर बोटावर भागणार नाही, घोट्यापासून पाय जाईल. अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही." जिनं सारा जन्म पायावर काढला, दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत रोवणी करून आम्हाले शिकवलं, तिचा पाय जाईन म्हणजे माय जाईन, हे आम्हा दोघायले न सांगता समजलं.

तवा कुठी प्रफुलच्या डोक्यात उजेड पडला. मायच्या तळपायाले शाई लावून त्यानं तिले जुन्या पेपरवर उभी केली. जिथी भार जास्त तिथी ठसा काळाभोर. त्या काळ्या जागेखाली त्यानं फोममंदी खड्डा कापला, म्हणजे जुन्या जखमेवर वजन येणार नाई. खाली कडक थर, मधात जाळीचा, वर मऊ. अंगठ्यात अडकवाचा पट्टा नाई, कारण बधिर पायातून चप्पल निसटली तरी माणसाले कळत नाई, म्हणून मांगून-समोरून चिकटपट्टी. पट्टे मी शिवले. माप घेताना त्यानं मायचा पाय मांडीवर धरला होता. करंगळीच्या रिकाम्या जागेवरून त्याचा अंगठा फिरला, अन् घेतलेलं माप त्यानं पुन्हा पहिल्यापासून घेतलं. मी शिलाईत तोंड खुपसलं, पाह्यलंच नाई असं केलं.

चप्पल झाली. मायनं घातली, दुकानात चालून दाखवली. "गादीवर चालल्यासारखं लागते वो," म्हणे. मंग घरी गेली अन् उंबऱ्याबाहेर काढून ठेवली.

इथून खरी कहाणी सुरू होते. आमच्याकडं चप्पल दाराबाहेर काढतेत. आपल्या घरी काढाची, शेजारच्या घरी काढाची, विहारात काढाची. बांधीत उतरताना धुऱ्यावर काढाची, खळ्यावर तं पाय धुऊन जावं लागते, तिथी धान पडलं आहे. राह्यला रस्ता. रस्त्यावर माय असे किती? या दारातून त्या दारात. म्हणजे चप्पल पूर्ण वेळ चौकीदारासारखी बाहेर, अन् पाय आत अनवाणी. जगात एवढी मापात कापलेली चप्पल नसन अन् एवढी आराम करणारीबी नसन.

प्रफुल म्हणते, काई हरकत नाई, घरातली वेगळी. दुसरी जोडी कापली. हिच्यावर लेझरनं धानाची लोंबी कोरली, मायले आवडन म्हणून. मायले आवडली. लय आवडली. तिनं ती पिशवीत गुंडाळून कपाटात पांढऱ्या लुगड्याखाली ठेवून देल्ली. म्हणे, "चौदा एप्रिलले घालीन." जंगूच्या गोत्रातली निघाली आमची माय. अन् चौदा एप्रिलले घातली का? घातली ना. विहाराच्या दारापर्यंत.

"माय, स्वयंपाक करताना घालत जाय वो," मी म्हणलं.

"चुलीजवळ चप्पल? मले जनावर समजली का?"

मंग प्रफुलनं तिसरा उपाय काढला. बुढी चप्पल घालत नाई ना, तं घरालेच चप्पल घालू. फोमचे चौकोन कापून, एकमेकात अडकवून सारी फरशी झाकली. माय रोज सकाळी ते चौकोन उचले, खालून झाडे, अन् परत लावाचं विसरून जाये. आठ दिवसांनी मी पाह्यलं तं एक चौकोन पाण्याच्या गुंडावर झाकण झाला होता अन् एकावर कोंबडी अंड्यावर बसवली होती. कोंबडीचे पाय मात्र एकदम सुरक्षित.

मी हासली होती तवा. मंग एप्रिल संपता संपता एका दुपारी मायच्या घरी गेली तं फरशीवर ओले ठसे दिसले. मले वाटलं पाणी. वाकून पाह्यलं तं पाणी नव्हतं. माय आंगणातल्या नळावर पाणी भराले अनवाणी उभी राह्यली होती, सिमेंटच्या तापलेल्या ओट्यावर, गुंड भरेपर्यंत. नळ म्हणजे घरच ना, तिथी कोण चप्पल घालन? तळव्यावर पुरीएवढा फोड आला, फुटला, अन् ती त्याच पायानं घरभर कामं करून राह्यली होती.

"दुखलं नाई का वो माय?"

"नाई बाई. काईच दुखत नाई."

काईच दुखत नाई हाच तिचा रोग. मले रडू आलं, अन् राग तं त्याच्याहून जास्त आला.

डॉक्टरनं पट्टी केली अन् प्रफुलले झापलं. "आईला एक चांगली चप्पल घेऊन देता येत नाही का?" दोन जोड्या अन् वरून सारी फरशी कापलेला माणूस खाली मान घालून "हो जी, हो जी" करत राह्यला. डॉक्टर म्हणे, "ही जखम भरली तर नशीब. पुढच्या वेळी मी पट्टी नाही करणार, सरळ चंद्रपूरला पाठवणार. समजलं ना कशासाठी?" समजलं होतं.

घरी येऊन प्रफुल मायवर खेकसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्याचा आवाज असा ऐकला. "पाय कापला मंग काय करशीन? मी फोमचा पाय कापून देऊ का तुले?"

माय शांतपणे म्हणे, "दे. त्याले तरी चप्पल लागणार नाई."

तो दुकानात गेला अन् मशीनच्या मांगं बसून रडला. पंप चालू ठेवला होता, आवाज ऐकू येऊ नये म्हणून. माय खाटेवर तोंड फिरवून पडली. मी दोघायच्या मधात उभी. कोणाले समजवावं? एक बाई आपल्या पायाले पाहाले तयार नाई, अन् एक माणूस त्या पायापलीकडं काई पाहत नाई. मायले हट्टी म्हणावं तं तिनं जन्मात कोणाले उलट बोललं नाई. बस म्हणलं तं बसली, ऊठ म्हणलं तं उठली. फक्त चप्पल घाल म्हणलं की हो म्हणे, अन् काढून ठेवे.

जखम हळूहळू सुकाले लागली. मे महिन्यात लग्नसराई, प्रफुलले श्वास घ्याले फुरसत नाई. त्यातच मायच्या माहेरच्या गावातून ऑर्डर आली. वैनगंगेच्या बाजूले, सावलीपासून फार दूर नाई. तिथले मालगुजार, म्हणजे गावाचे जुने जमीनदार, त्यायची. मालगुजारी जाऊन लोकायच्या तीन पिढ्या झाल्या, पण गावात त्यायले अजून मालगुजारच म्हणतेत, अन् त्यायलेबी ते ऐकाले बरं वाटते. त्यायच्या नातीचं लग्न. स्टेजवर "दिव्यानी" अन् "रोशन" अशी माणसाएवढी अक्षरं, हंस, मोर, फुलं, सगळं फोमचं, सोनेरी रंगवलेलं. प्रफुल अक्षरं टांगणार, मी फुलं शिवून लावणार. माय म्हणे, "माहेर आहे माहं, मीबी येते."

छोटा हत्ती टेम्पोत मांगं हंस अन् मोर, समोर आम्ही तिघं. भर दुपारी पोचलो. प्रफुल आधी आत जाऊन शिडीवर चढला. आम्ही दोघी फाटकात उभ्या. फाटकापाशीच चपलांचा ढीग होता, पाहुण्यायनं तिथीच काढल्या होत्या. तिथून मांडवापर्यंत उघडं सिमेंटचं आंगण, वरून असं ऊन की कुत्रं त्यावर पाय टेकवत नव्हतं. पाहुणे टुणटुण उड्या मारत मांडव गाठत होते. मायनं खाली वाकून चिकटपट्टी सोडली अन् एक पाय बाहेर काढला. मी म्हणाले गेली, माय, आंगण तापलं आहे वो. तेवढ्यात ओसरीवरून आवाज आला.

"कोण, अंजना का वो? सुकलूची पोरगी?"

म्हातारे मालगुजार. नव्वदीले टेकलेले, आरामखुर्चीत बसलेले, पण नजर पक्की. मायनं हात जोडले. "हो जी."

म्हाताऱ्याले आनंद झाला. खराच झाला, खोटं काऊन बोलू. आजूबाजूच्या पाहुण्यायले सांगू लागले, "हिचा बाप सुकलू. मोठा सभ्य माणूस. आजकालच्या लोकाले कुठी ती रीत राह्यली? तो आमच्या वाड्यावरून जाये तं पिंपळापासूनच चप्पल काढून खाकेत धरे. पार पलीकडं गेल्यावर घाले. उन्हाळा असो का काई असो. कधी सांगा लागलं नाई त्याले." अन् मायच्या पायाकडं पाहून खूश होऊन म्हणे, "पोरीतबी गुण उतरले. ठेव, तिथीच ठेव."

लोक कौतुकानं मायकडं पाहून राह्यले. तिचा एक पाय चपलेत, एक बाहेर. मले वाटलं आता दुसरा काढन. जन्मभर पाह्यलं होतं मी तिले. ऊठ म्हणलं तं ऊठ, बस म्हणलं तं बस.

तिनं माह्या खांद्यावर हात ठेवला. बाहेरचा पाय चपलेत घातला. वाकली, पट्टी ओढून घट्ट बसवली, दुसऱ्या पायाचीबी तपासली. अन् चालू लागली. मांडवाकडं नाई, सरळ ओसरीकडं. ते सारं तापलं आंगण तिनं सावकाश पार केलं, पायऱ्या चढली, अन् त्या चकचकीत फरशीवर म्हाताऱ्याच्या समोर जाऊन उभी राह्यली.

"तब्येत बरी आहे ना जी?"

म्हातारे तिच्या पायाकडं पाहत राह्यले. आतून त्यायची सून बाहेर आली, ती म्हणे, "बाई, चप्पल..."

"फोमच्या आहेत," माय म्हणे. "पोरानं कापल्या. पायाले जखम आहे माह्या. डॉक्टरनं सांगतलं आहे, अनवाणी एक पाऊल टाकाचं नाई, नाई तं पाय घोट्यापासून जाईन."

शब्द न शब्द. इतक्या दिवसांत डॉक्टरचं तिच्या कानात काईच गेलं नाई, असं आम्ही धरून चाललो होतो. बुढीनं सगळं पाठ करून ठेवलं होतं, फक्त आम्हाले पत्ता लागू देल्ला नाई. शिडीवर प्रफुल दिव्यानीचा "नी" छातीशी धरून उभा, त्याले तो टांगाचाबी विसर पडला. मायनं ओसरीवरची एक खुर्ची ओढली, बसली, अन् पाणी मागतलं. सुनेनं आणून देल्लं. आमचं काम होईपर्यंत माय तिथीच बसली होती, पाय खाली टेकवून, चपलेसकट.

वापस येताना गाडी मांगून रिकामी. नदी दिसाले लागल्यावर माय बोलली.

"मी लहान होती. बाबाच्या मांगं मांगं चालो. त्या पिंपळापाशी तो चप्पल काढे. मी विचारो, बाबा, काऊन काढली? तो म्हणे, झिजते बाई. आपण गरीब, जपून वापरली पाहिजे." तिनं वाकून चपलेची पट्टी चाचपली. "मले आजपावतो तेच खरं वाटे. चांगल्या जागी गेलं की चप्पल जपा लागते, एवढंच शिकली मी. बाबा मेला तवा त्याची चप्पल नवीच होती."

प्रफुल गाडी चालवत होता. त्यानं डोळे पुसले नाई, तसेच वाहू देल्ले. मी मायचा हात धरून बसली.

घरी आलो. उंबऱ्यापाशी माय थांबली. प्रफुल काईतरी म्हणाले गेला, मी त्याच्या दंडाले असा चिमटा काढला की त्याचं तोंड मिटलं. आता घाल म्हणलं असतं तरी घोटाळा, काढ म्हणलं असतं तरी घोटाळा. ती आत गेली, चपलेसकट, सरळ चुलीजवळ, अन् तिनं चहा मांडला.

पावसाळ्यात जखम पुरी भरली. डॉक्टरनं पाय उलटा-सुलटा करून पाह्यला, तळव्यावर बोट दाबलं, अन् पहिल्यांदा हासले. प्रफुलची छाती फुगली. तो लगेच जाळीच्या थराचं, खड्ड्याच्या खोलीचं, सगळं डिझाइन समजवू लागला. ते ऐकून मले वाटलं, या माणसाले फोमच्या बाहेर जग नाई. डॉक्टरनं त्याले हातानं थांबवलं अन् मायले म्हणलं, "चला आजी, शेवटी ऐकलं तुम्ही."

माय पट्टी आवळून राह्यली होती. मान वर न करता म्हणे, "ऐकलं कुठी जी. ऐकणं सोडलं."